डाव्या बाजूचा ठोका

सुरतेस आजोळी जायचे ते लग्नकार्यासाठी नाहीतर पोंकासाठी, अशी आमच्या घरची जुनी वहिवाट. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण हुरडा म्हटला की सुरतकर मंडळी नाराज होतात. थंडी पडली की तापीच्या काठी भट्ट्या पेटतात, ज्वारीची कोवळी कणसे भाजून झोडपली जातात, आणि त्या हिरव्या दाण्यांबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव खात बडोद्याचा माणूस तासभर आपले पेन्शन आणि मधुमेह दोन्ही विसरतो. २००७ च्या जानेवारीत मात्र मला बोलावणे आले ते तिसऱ्याच कारणासाठी.

आमचे मामा फोनवर तारेसारखे बोलतात. ऐकू येत नसल्यामुळे उत्तराची वाट पाहत नाहीत. आपले सांगून झाले की फोन ठेवतात. त्या दिवशी ते म्हणाले, "तुला गाण्यातलं कळतं ना? मग दोन दिवस ये. गाडी काहीतरी म्हणते आहे. काय म्हणते ते मला ऐकू येत नाही." आणि फोन बंद.

आता येथे माझ्या कानांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा चालू केली, त्या गावात जन्मलेल्या माणसाला आपला कान तयार आहे असे वाटू लागण्यास फार कष्ट पडत नाहीत. तंबोऱ्याची जवारी बिघडली की मला दारातून कळते, असे मी स्वतःच इतकी वर्षे लोकांना सांगत आलो आहे की आता तेही मला ऐकवतात. कॉलेजात असताना मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मी अवघे चरोतर पालथे घातले होते. एवढ्या भांडवलावर मी सकाळच्या गाडीने निघालो. भरूचला नर्मदा ओलांडताना माझे निदान निम्मे झालेसुद्धा होते. टॅपेट असणार. मोटारसायकलच्या आवाजासंबंधी मला तेवढा एकच शब्द ठाऊक होता, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

मामांचे घराणे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने प्रथम सोनगडला, मग नवसारीला आणि अखेर सुरतेस नानपुऱ्यात येऊन राहिलेले. स्वतः मामा आर्टसिल्कच्या विणाईखात्यात एकतीस वर्षे देखरेखीला होते. शंभर-सव्वाशे माग एका छपराखाली चालतात तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओठ वाचावे लागतात, नाहीतर हाताच्या खुणा कराव्या लागतात. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे राहिलेला कान आधी बारीक, उंच आवाज गमावतो. पाखरांची किलबिल जाते, मग दारावरची घंटा जाते, मग बोलण्यातली स, श, फ ही व्यंजने जातात आणि समोरचा माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आहे असे वाटू लागते. मामांचा प्रवास याच क्रमाने झाला. सत्तरी उलटेपर्यंत त्यांच्याजवळ राहिले होते ते ढोलाचे बोल, मेघांचा गडगडाट आणि बुलेट.

ही बुलेट त्यांनी १९७४ साली घेतलेली. मद्रासला १९५५ मध्ये इंग्लंडहून आलेले भाग जुळवून जी गाडी बनू लागली आणि नंतर सबंध तेथेच तयार होऊ लागली, तीच ही. सत्तर मिलिमीटर व्यासाचा एकच पिस्टन, नव्वद मिलिमीटरची त्याची चाल, ओतीव लोखंडाचा सिलिंडर, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ती सुरू करण्याचा एक विधीच असे. किक हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचे, डिकॉम्प्रेसरची बारीक मूठ ओढून पिस्टन शिखरावरून किंचित पुढे सारायचा, आणि मग अंगात आल्यासारखी एक लाथ. आम्हा भाचरांपैकी ज्याला हा विधी साधला तो मोठा झाला असे समजत.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला. बहुतेक सुरत शहर पाण्याखाली गेले. त्या दिवसांविषयी येथे अधिक लिहीत नाही, ज्यांची माणसे तेथे होती त्यांना सांगावयास नको. मामांच्या खालच्या मजल्यावर तीन दिवस पाणी होते आणि त्या पाण्यात बुलेट होती. पाणी ओसरल्यावर घरादाराने चिखल उपसला. शेजारचे एक गृहस्थ आपल्या स्कूटरला किक मारताना दिसले तेव्हा मामा ओरडत धावत गेले म्हणतात. कारण साधे आहे. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोराने वर गेला तर त्याला वाट मिळत नाही, आणि मग वाकतो तो खालचा कनेक्टिंग रॉड. मामांनी आपल्या गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. प्लग काढला, नळ्या सोडल्या, तेल काढले. ते ताकासारखे पांढरट आले. मग ती ढकलत गॅरेजात नेली. त्या गॅरेजासमोर तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गाड्या उभ्या होत्या, एकसारख्या मातकट रंगाच्या. सप्टेंबरात बुलेट घरी आली आणि तीन महिने उत्तम चालली. डिसेंबरात ठोका सुरू झाला.

मी पोहोचलो तेव्हा घरातले वातावरण फार बरे नव्हते. मिस्त्रींनी येऊन, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून निर्णय दिला होता. (गुजराथेत या हत्याराला डिसमिस म्हणतात, डिसमिस कानाला लावून मिस्त्री मान हलवतो तेव्हा तो शब्द फारच समर्पक वाटतो.) "क्रँक बोले छे, साहेब." म्हणजे कनेक्टिंग रॉडचे खालचे मोठे तोंड, ज्याला बिग-एंड म्हणतात, ते ढिले झाले, पुराचे पाणी आत जाऊन गेले, गाळाने खाल्ले. इंजिन उतरवायचे, दोन फाडी करायचे, क्रँक प्रेसवर उघडायची, नवा रॉड घालायचा. सहा-सात हजारांचा मामला, आणि जुन्या गाडीला पुढेमागे आणखी काय निघेल याची हमी नाही. माझा मामेभाऊ म्हणाला, एवढे पैसे घालण्यापेक्षा ती विकावी. घरात दोन स्कूटर आहेत. मामी काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि मामा अंगणात गेल्याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "तू मोडता घालू नकोस हं."

मामेभावाने मला बाजूला घेऊन खरे ते सांगितले. "क्रँकचं सोड रे. बाबांना हॉर्न ऐकू येत नाही. परवा चौकबाजारात मागून बस आली, कंडक्टर दार बडवत होता, हे आपले मधूनच. मी त्यांना गाडी चालवू नका म्हणालो तर आठ दिवस बोलले नाहीत. आता गाडीच बिघडली आहे तर बरंच झालं. आपोआप सुटेल."

मला हे पटले. तरीही मला बोलावले होते ते कानासाठी, म्हणून मी अंगणात गेलो.

मामांनी विधीपूर्वक गाडी सुरू केली. धक धक या ओळखीच्या ठेक्यामागे खरोखरच एक दुसरा आवाज होता: जाड, बोथट, रिकाम्या हंड्यावर लाकडी मोगरी बसावी तसा. मी डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली, आणि गवय्याने समेवर यावे तशा आत्मविश्वासाने म्हणालो, "टॅपेट."

मामांनी ओठ वाचले. हसले नाहीत. म्हणाले, "बघू."

टॅपेट म्हणजे काय, ते ज्यांनी मोटारसायकल बाळगली नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगतो. इंजिनात हवा आत घेण्याचे एक आणि धूर बाहेर टाकण्याचे एक, अशी दोन झाकणे असतात. खालून कॅमच्या उंचवट्याने दोन उभ्या दांड्या वर ढकलल्या जातात आणि त्या ही झाकणे उघडतात. या साखळीत कोठे फट राहिली तर दर वेळी टिक असा हातोडीचा बारीक आवाज येतो. बुलेटमध्ये ही फट तपासायची सोय उजव्या अंगाला एका लहानशा झाकणामागे आहे. इंजिन थंड हवे, पिस्टन शिखरावर हवा, दोन्ही झाकणे मिटलेली हवीत. मग दांडी दोन बोटांत धरून फिरवायची. ती सहज फिरावी पण वरखाली हलू नये. मामांनी गाडी थंड होईपर्यंत मला जेवायला घातले, नंतर झाकण उघडून माझीच बोटे त्या दांड्यांवर ठेवली. दोन्ही लोण्यासारख्या फिरत होत्या. वरखाली केसभरसुद्धा हलत नव्हत्या.

"शिवाय," मामा म्हणाले, "टॅपेट घड्याळासारखा वाजतो. एकही ठोका चुकवत नाही. हा तसा वाजतो का?"

मी पुन्हा ऐकले. नाही. हा लंगडत होता. दोन ठोके, मग एक गाळलेला, मग तीन लागोपाठ. हे माझ्या तयार कानाला आधीही ऐकू आले होते. पण शब्द तोंडाशी येऊन बसला होता, म्हणून मी ते ऐकले नाही. संगीताच्या बैठकीत पहिल्या आलापालाच रागाचे नाव पुटपुटणारे गृहस्थ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

व्हिएन्नातल्या औएनब्रुगर या डॉक्टराची हकीकत मला तेव्हा आठवली. त्याचा बाप खाणावळवाला. पिंपात दारू किती उरली ते बाहेरून बोटाने वाजवून बघण्याची रीत पोराने लहानपणी पाहिलेली. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने रोग्याची छाती तशीच वाजवून आत पाणी कोठवर आहे ते ओळखण्याची विद्या बसवली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. कानाला नळी लावण्याची युक्ती त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, १८१६ मध्ये, पॅरिसच्या लेनेकला सुचली. त्याने प्रथम कागदाचीच सुरळी केली होती. मला यातले पहिले अधिक महत्त्वाचे वाटते. औएनब्रुगर नुसता ऐकत बसला नाही. त्याने पिंपाला प्रश्न विचारला.

मामांनीही तेच आरंभले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना दुसरा मार्गच नव्हता. मागाच्या खात्यात एखादा माग बिघडला की ते त्याच्या चौकटीवर तळवा ठेवून कोणता भाग ढिला आहे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. आता त्यांनी एका पाटावर बैठक मारली, हात पुसला आणि तीन बोटे इंजिनवर ठेवली. मी त्यांचा कान आणि ते माझी बोटे, अशी वाटणी झाली.

"क्लच दाब." दाबला. ठोका तसाच. म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच सुटले. ते दोषी असते तर क्लच दाबताच आवाज बदलला असता.

"रेस दे. हळूहळू. आता धरून ठेव." रेस वाढली तसा ठोका कमी झाला आणि गाडी एका वेगावर स्थिर धरली तेव्हा चक्क नाहीसा झाला. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली: नाही येत. रेस सोडली, इंजिन मंद झाले, आणि तो पुन्हा आला.

"आता चावी बंद कर." चावी बंद केल्यावर इंजिन लगेच थांबत नाही, जाळ नसताना चार-सहा फेरे अडखळत घेते. त्या अडखळण्यात ठोका उलट मोठा झाला. शेवटच्या दोन फेऱ्यांत तर तो मामींनाही स्वयंपाकघरात ऐकू गेला.

मामांनी उजव्या बाजूवरची बोटे उचलून डाव्या बाजूवर ठेवली, परत उजवीकडे आणली, परत डावीकडे नेली. असे किती वेळ चालले होते कोण जाणे. मला पोंकाची आठवण येऊ लागली होती. मग ते म्हणाले, "पुलावर चल."

सुरतेसारख्या सपाट गावात चढ म्हणजे पूल. मी पुढे, मामा मागे, असे आम्ही चौकातून नेहरू पुलाकडे गेलो. मामांचे म्हणणे असे: बिग-एंड गेला असेल तर इंजिनवर ओझे पडले की तो ओरडतो. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगाने, दोन माणसे घेऊन चढावर ॲक्सिलरेटर पिळला की पिस्टनवरचा सगळा दाब त्या ढिल्या सांध्यावर येतो; मग तो लपत नाही, लोहाराच्या घणासारखा बसतो. आम्ही तसेच केले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी आमचा जो उद्धार केला तो मामांना ऐकू आला नाही, मला आला. बुलेट बिचारी धापा टाकत चढली. पण तो ठोका नव्हता. चढ संपला, उतार लागला, मी हात सैल सोडला, आणि मामांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. त्यांना तो पायाला जाणवला होता. डाव्या पायाला.

पलीकडे अडाजणच्या बाजूला गाडी उभी करून मामा नदीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "सगळे विचारतात आवाज केव्हा येतो. केव्हा येत नाही ते कुणी विचारत नाही. ओझं असलं की येत नाही. एक लय धरली की येत नाही. लय मोडली की येतो. म्हणजे ज्याला ओझं वाहायचं नाही असं काहीतरी जड, क्रँकबरोबर नुसतं फिरतं आहे. डाव्या बाजूला. असं तिथे काय आहे?"

मला अर्थातच ठाऊक नव्हते. मामांनीच उत्तर दिले: "मॅग्नेट."

बुलेटच्या डाव्या अंगाला एक लांबट पोट असते. त्यात इंजिनकडून क्लचकडे जाणारी साखळी तेलात फिरते, आणि क्रँकच्या टोकावर एक वजनदार लोहचुंबकी चक्र बसवलेले असते. त्याच्या भोवती तारांची वेटोळी स्थिर असतात. चक्र फिरले की वीज तयार होते. चक्र क्रँकवर घसरू नये म्हणून मध्ये अर्धचंद्रासारखी एक इवलीशी चावी, आणि वरून एक नट. नट ढिला झाला तर सगळा भार त्या चावीवर. एकाच सिलिंडरचे इंजिन काही एकसारखे फिरत नाही. स्फोटाला झेप घेते, दाब देताना अडते. प्रत्येक झेपेला आणि अडखळण्याला ते जड चक्र आपल्या घरात पुढेमागे आपटते. क्रँकच्याच टोकावर असल्यामुळे हा ठोका क्रँकमधूनच सगळीकडे पसरतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर कोठेही टेकवला तरी क्रँकच बोलते आहे असे वाटते. मिस्त्री खोटे बोलले नव्हते. त्यांनी ऐकले ते बरोबर, नाव चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मिस्त्रींनाच बोलावले. मला हे जरा चमत्कारिक वाटले. पण मामा म्हणाले, त्यांच्या माघारी पोट उघडले तर तो त्यांचा अपमान होईल. मिस्त्री आले, मामांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि आपल्याला पटत नाही हे चेहऱ्यावर न दाखवता कामाला लागले. डाव्या बाजूचे पाय ठेवण्याचे गज आणि ब्रेकचे पायडल काढले. खाली परात ठेवली. त्या सबंध पोटावरचे झाकण बुलेटमध्ये मधल्या एकाच नटाने धरलेले असते. ते सुटले, पावशेरभर काळे तेल परातीत आले, आणि झाकण हातात आले.

मिस्त्रींनी मॅग्नेटच्या नटाला पाना लावण्यापूर्वी सवयीने बोट लावले. नट बोटाने फिरला.

कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी चक्र दोन्ही हातांत धरून हलवले: ठक, ठक. तोच आवाज, आता हातातला. मग त्यांनी ते बाहेर ओढले. चुंबकाला लोखंडाचा भुगा आणि पुराचा वाळलेला गाळ चिकटला होता. अर्धचंद्राची एक कड झिजून गोल झाली होती. क्रँकच्या खाचेची कडही थोडी दबली होती, पण नव्या चावीने काम भागण्यासारखे होते. आणि नटाखाली जे लॉक वायसर असावयास पाहिजे, ज्याची कड दुमडून नटाला अडवतात, ते नव्हतेच. झिजून गेले नव्हते, तुटून पडले नव्हते. कुणी घातलेच नव्हते.

हे पोट गाडीच्या जन्मात फार वेळा उघडले गेले नव्हते. शेवटी उघडले ते सप्टेंबरात, गाळ धुण्यासाठी, याच मिस्त्रींच्या गॅरेजात. त्यांनी ते ओळखले. बराच वेळ वायसर नसलेल्या त्या जागेकडे पाहत राहिले. मग मामांकडे तोंड करून, त्यांना ओठ वाचता यावेत असे सावकाश म्हणाले, "काका, हूं तो इंजिन खोली नाखत." मी तर इंजिनच उघडले असते. नंतर माझ्याकडे वळून ते हिंदीत सांगू लागले: त्या दिवसांत वीज नव्हती, कंदिलावर काम चालले होते, पोरे घरचा चिखल उपसून रात्री गाड्या धुवायला येत, एका दिवसात वीस-वीस गाड्या खोलल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात छपरापर्यंत पाणी होते. हे सारे खरे असणार. मामांनी ते ऐकले नाही, कारण मिस्त्रींचे तोंड माझ्याकडे होते. पण त्यांनी हाताने पुरे अशी खूण केली.

मला राहून राहून वाटते ते हे की इंजिन उतरवले असते तर काय झाले असते? इंजिन उतरवताना मॅग्नेट निघतेच. सहा-सात हजार खर्चून नवा रॉड बसवला असता, जोडताना नट आपोआप घट्ट बसला असता, ठोका गेला असता, आणि सगळ्यांनी म्हटले असते की पाहा, क्रँकच होती. चुकीचे निदान खरे ठरले असते. असे किती रोग बरे झाले असतील, देव जाणे.

नवी चावी, नवे वायसर, दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत. चक्र आणि वेटोळी यांच्यात चहूबाजूंनी सारखी फट आहे ना, हे मिस्त्रींनी जाड कागदाची पट्टी फिरवून तपासले. एके ठिकाणी घासल्याची चमक दिसत होती तेथे दोनदा तपासले. वायसरची कड दुमडली. नवे तेल भरले. मजुरी घ्यावयास ते तयार नव्हते. मामांनी त्यांच्या खिशात पैसे कोंबले, आणि दोघांची बरीच ओढाताण झाली. शेवटी मामांनी आपल्याला काही ऐकू येत नाही असे दाखवले. बहिरेपणाचा हा एक उपयोग.

गाडी सुरू झाली. मी ऐकले. धक धक, बस्स. मामांनी तीन बोटे डाव्या पोटावर ठेवली, मग सबंध तळवा ठेवला, आणि इंजिन बंद केले.

मामेभाऊ दुकानातून जेवायला आला तेव्हा त्याला ही सगळी हकीकत सांगण्याचा मान मी घेतला. तो मनापासून हसला. पण हसणे संपल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काळजी परत आली, आणि ती मला दिसली तशी मामांनाही दिसली. आपोआप सुटणारी गोष्ट आता आपोआप सुटणार नव्हती.

तेव्हा मामांनी खिशातून बुलेटची किल्ली काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "चौकातली बस मला माहीत आहे," ते म्हणाले. "कंडक्टर दार बडवत होता ते मी मागाहून लोकांच्या तोंडावरून ओळखलं. गाडी माझ्या हातून काढायची तर माझ्या कानांपायी काढा. तिच्या क्रँकपायी नको. तिचं काही चुकलं नव्हतं."

मामेभावाला काय बोलावे ते सुचेना. तो ओठ हलवू लागला, पण घास तोंडात होता. मामींनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि किल्ली पाण्याच्या तांब्यापासून थोडी दूर सरकवली.

गाडी विकली नाही. त्या संध्याकाळी मामेभावाने ती बाहेर काढली. विधी त्याला साधेना. दोनदा किक उलटी बसली. तेव्हा मामांनी त्याचा पाय हाताने धरून पिस्टन कोठे अडतो ते दाखवले, आणि तिसऱ्या लाथेला ती बोलू लागली. बाप मागे बसला, लेक पुढे. मी स्कूटरवर त्यांच्या मागोमाग. पूल ओलांडून आम्ही पोंकाच्या भट्ट्यांकडे निघालो. वाटेत मला बुलेटच्या मागच्या चाकाकडून एक नवाच आवाज ऐकू येऊ लागला, पत्र्याचा, खळखळ असा. भट्टीपाशी उतरल्यावर मी मामांना खूण करून तो सांगितला.

"साखळीवरचा पत्रा," मामा म्हणाले. "एक बोल्ट १९९१ पासून नाही. आधी लिंबाची शेव सांग."